माहूरला निघण्यापूर्वी

उष्ण कटिबंधातील देशांत जाणाऱ्या पाश्चात्त्य प्रवाशांसाठी छापलेली हस्तपुस्तके चाळली, तर त्यांतील प्रकरणे बहुधा ठरलेली असतात. ऊन, पिण्याचे पाणी, डास, सर्प, अन्न, पैसा आणि तेथील लोकांच्या चालीरीती. ती वाचताना आपल्याला किंचित हसू येते. ज्या उन्हात आपले बालपण गेले, त्या उन्हात टोपी घाला असे आपल्याला कोणी सांगावे! परंतु कर्कवृत्त महाराष्ट्राच्या उत्तरेकडून जाते, म्हणजे आपले सारे राज्य त्याच उष्ण कटिबंधात येते, आणि नांदेड जिल्ह्याच्या उत्तर टोकाला सातमाळ्याच्या डोंगरांत वसलेले माहूर तर त्याचा अस्सल नमुना आहे. चैत्र-वैशाखात करपणारे, आषाढ-श्रावणात दाट हिरवे होणारे, आणि वर्षातील चारच महिने माणसाशी सौम्यपणे वागणारे.

प्रवासातील आजारांचा अभ्यास करणाऱ्या वैद्यांनी एक गोष्ट पुनःपुन्हा नोंदवली आहे. परदेशी स्थायिक झालेली मंडळी मायदेशी आप्तांना भेटायला येतात, तेव्हा ती निव्वळ पर्यटकापेक्षा हिवताप आणि विषमज्वर यांना अधिक बळी पडतात. पर्यटक भीतभीत वावरतो, लस टोचून घेतो, पाणी पारखून पितो. घरी परतलेला माणूस म्हणतो, ‘मी तर इथलाच!’ हिवतापाविरुद्ध लहानपणी अंगी आलेले थोडेबहुत बळ मात्र दूरदेशी राहिल्याने केव्हाच ओसरलेले असते, आणि बरोबर आलेल्या नातवंडांपाशी ते मुळातच नसते. पुण्या-मुंबईहून माहूरला जाणाऱ्या कुटुंबांची गोष्ट फारशी निराळी नाही. ओटीचे साहित्य, खण, नारळ, नवे वस्त्र हे सारे आठ दिवस आधी काळजीने बांधले जाते. आजीची रक्तदाबाची गोळी आणि पाण्याची सुरई मात्र निघण्याच्या क्षणी आठवते. आणि कुटुंबातील सर्वांत थकलेली व्यक्तीच बहुधा या यात्रेला सर्वांत उत्सुक असते. म्हणून हा लेख देवस्थानांच्या माहात्म्यापेक्षा प्रवासाच्या व्यवस्थेविषयी अधिक आहे.

माहात्म्य थोडक्यात सांगतो. महाराष्ट्रातील साडेतीन शक्तिपीठांत कोल्हापूर, तुळजापूर आणि माहूर ही तीन पूर्ण पीठे आणि वणीची सप्तशृंगी हे अर्धे, असे परंपरा मानते. माहूरची रेणुका ही परशुरामाची माता. तिच्या देहाचा येथे अग्निसंस्कार झाला आणि दत्तात्रेयांनी त्या विधीचे आचार्यत्व केले, अशी कथा आहे. मातेच्या विरहाने व्याकूळ झालेल्या पुत्राने मागे वळून पाहू नये असे त्याला सांगितले होते. त्याने वेळेपूर्वीच वळून पाहिले, आणि मातेचे केवळ मुखच भूमीतून वर आलेले त्याला दिसले. त्यामुळे आजही गाभाऱ्यात पूर्णमूर्ती नाही; शेंदूरचर्चित विशाल मुखाचीच पूजा होते. मातापूर, मातृपूर ही गावाची जुनी नावे या कथेशी जोडलेली आहेत. दत्तसंप्रदायाला हे दत्तात्रेयांचे निद्रास्थान म्हणून वंद्य आहे, महानुभावांच्या परंपरेत चांगदेव राऊळांना दत्तात्रेयांचा अनुग्रह येथेच झाला, आणि संतकवी दासोपंतांनी येथे बारा वर्षे काढली असे त्यांचे चरित्रकार सांगतात. सोनापीराचा दर्गाही याच डोंगरांत आहे. एका लहानशा गावावर एवढ्या परंपरांनी हक्क सांगावा, आणि त्या सर्वांचे यात्रेकरू एकाच बसस्थानकावर उतरावेत, हे दृश्य मला नेहमीच आनंद देते.

आता मुख्य प्रश्न ऋतूचा. माझे मत असे, की ज्यांना निवड करता येते त्यांनी कार्तिकाच्या मध्यापासून माघाच्या अखेरीपर्यंत, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या काळातच माहूरला जावे. पहाटे डोंगरावर चांगलीच थंडी असते. वृद्धांसाठी कानटोपी आणि शाल जवळ ठेवावी. मराठवाडा म्हणजे उष्णच, या समजुतीने आलेले पुष्कळ जण पहाटे पाच वाजता कुडकुडतात. सीताफळांचा हंगाम दिवाळीच्या आसपास असतो. तेव्हा किनवट-माहूरच्या रस्त्याकडेला टोपल्या मांडून बसलेल्या बायकांकडून ती जरूर घ्यावीत. डोंगरची सीताफळे आकाराने लहान असतात, पण त्यांची गोडी काही निराळीच.

उन्हाळ्याविषयी मात्र स्पष्ट लिहिले पाहिजे, कारण शाळांना सुट्टी असते म्हणून बहुतेक कुटुंबे मे महिन्यातच निघतात. एप्रिलच्या मध्यापासून या भागात पारा चाळीस अंशांच्या वर जातो आणि मे महिन्यात काही दिवस बेचाळीस-त्रेचाळीसपर्यंतही पोहोचतो. ‘माहूरला दाट जंगल आहे, सावली मिळेल’ अशा भरवशावर काही जण निघतात. पण हे अरण्य पानझडीचे आहे. साग, धावडा, तेंदू, मोह आणि पळस हे येथले मुख्य वृक्ष. पैकी साग फाल्गुन-चैत्रात पाने टाकून देतो आणि पावसाच्या सुमारास पुन्हा पालवतो. म्हणजे सावलीची गरज सर्वांत अधिक असते, नेमके तेव्हाच डोंगर उघडेबोडके झालेले असतात. त्यात हा सारा डोंगर काळ्या पाषाणाचा. दुपारी अकराला तापलेला दगड सूर्य कलल्यावरही बराच वेळ आग ओकत राहतो. अनवाणी चढण्याचा ज्यांचा नेम आहे त्यांनी सूर्योदयाच्या आधीच पायऱ्या गाठाव्यात. निदान जाड सुती मोजे जवळ ठेवावेत. नेम मोडत नाही आणि तळपायही पोळत नाहीत.

मे महिन्यातच जाणे भाग असेल, तर दिवसाची विभागणी बदलावी. पहाटे पाच ते साडेनऊ आणि सायंकाळी पाचनंतर, एवढाच वेळ डोंगरावरचा. मधला काळ मुक्कामाच्या खोलीत. हे सांगितले की ‘मग एका दिवसात तिन्ही डोंगर कसे होणार?’ असा प्रश्न हमखास येतो. होणार नाहीत, आणि होऊ नयेत. तीन तासांत तीन डोंगर दाखवून देण्याचे आश्वासन देणारे वाहनचालक भेटतात. त्यांचा दोष नाही, त्यांना दुसरी खेप मिळवायची असते. परंतु सत्तरीच्या माणसाने त्या घाईत सापडू नये. माहूरला दोन दिवस आणि एक रात्र द्यावी.

उष्माघाताची लक्षणे घरातील एका तरी व्यक्तीला ठाऊक असावीत. प्रारंभी डोके दुखते, मळमळते, पायांत गोळे येतात. या पायरीवर सावलीत बसवून मीठ-साखरेचे पाणी थोडे थोडे पाजले की बहुधा निभावते. पण माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग भट्टीसारखे तापले, भोवळ येऊन पडला, तर ती वेळ घरगुती उपायांची राहिलेली नाही. कपडे सैल करावेत, अंगावर पाणी मारून सतत वारा घालावा, काखेत, मानेवर, जांघेत ओली फडकी ठेवावीत आणि ताबडतोब १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नये. ते श्वासनलिकेत जाते. मीठ-साखरेच्या पाण्याचे प्रमाणही ध्यानी ठेवण्याजोगे आहे. एक लिटर स्वच्छ पाण्याला सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. मीठ अधिक पडले तर अपायच होतो.

येथे आपल्या घरांशी निगडित असा एक मुद्दा येतो. यात्रा आणि उपवास यांची सांगड आपल्याकडे सहज घातली जाते. निर्जळी उपवास करून, तोही आश्विनाच्या उन्हात, डोंगर चढण्याचा संकल्प वडीलधारी मंडळी सोडतात आणि पुत्रपौत्र संकोचाने गप्प राहतात. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यांना आणि मधुमेहासाठी इन्सुलिन वा गोळ्या घेणाऱ्यांना असा चढ धोक्याचा ठरू शकतो. निघण्यापूर्वी आपल्या वैद्यांना विचारून, उपवास यात्रेच्या आधी किंवा नंतर करण्याची विनंती घरातील मुलांनी अवश्य करावी. संकोच हे त्याचे कारण असू नये.

पावसाळ्याची गोष्ट वेगळी. आषाढापासून हा प्रदेश इतका देखणा होतो, की तेव्हा जाऊ नका असे सांगणे जिवावर येते. धुके, ओहोळ, गडाच्या तटावर उगवलेले गवत, आणि दरीत उतरलेले ढग. तरुणांनी, पायात घट्ट पकडीची पादत्राणे घालून अवश्य जावे. श्रावणी पौर्णिमेला, राखीच्या दिवशी, माहूरगडाची परिक्रमा असते आणि तिला फार मोठा समुदाय लोटतो. विदर्भ, मराठवाडा आणि तेलंगणातून माणसे पायी येतात. हा सोहळा पाहण्याजोगा असला, तरी वृद्ध आणि तान्ही मुले यांना त्या गर्दीत आणि चिखलात नेऊ नये. शारदीय नवरात्र आणि मार्गशीर्षातील दत्तजयंती हे आणखी दोन मोठ्या गर्दीचे काळ. या दिवसांत खासगी वाहने पायथ्याशी थांबवून वर एस.टी.ने सोडण्याची व्यवस्था केली जाते. मोटार थेट वर जाईल या हिशेबाने निघालेल्यांची मग फार ओढाताण होते. दर्शनाची निकड नसेल तर नवरात्र उलटून आठ-दहा दिवसांनी जावे. तीच देवी, तोच डोंगर, आणि गाभाऱ्यासमोर दोन क्षण उभे राहता येते.

कसे जावे याबद्दल. नांदेडहून माहूर सुमारे सव्वाशे ते एकशेतीस किलोमीटर. अर्धापूर, हदगाव, उमरखेड, महागाव या मार्गाने धनोड्यापर्यंत यावे आणि तेथून वळावे. पैनगंगेचा पूल ओलांडला की यवतमाळ जिल्हा संपून पुन्हा नांदेड जिल्हा लागतो. नांदेडहून निघून, मध्ये दुसऱ्या जिल्ह्यातून, पुन्हा नांदेडातच, असा हा चमत्कारिक प्रवास आहे. हा महामार्ग तुळजापुरापासून लातूर, अहमदपूर, लोहा, नांदेड असा येत पुढे यवतमाळ-वर्ध्याकडे जातो. म्हणजे लातूरकडील मंडळींना तुळजापूर आणि माहूर ही दोन्ही पीठे एकाच रस्त्याने जोडलेली आहेत. दुसरा मार्ग भोकर, हिमायतनगर, इस्लापूर, किनवट असा. तो अरण्यातून आणि घाटातून जातो, अधिक सुंदर आहे आणि अधिक वेळ घेतो. तो दिवसाच करावा. रात्री रानडुकरे आणि मोकाट गुरे आडवी येतात, आणि वाहन बिघडले तर घाटात दूरध्वनीला कित्येक ठिकाणी संपर्क मिळत नाही.

रेल्वेने येणाऱ्यांसाठी मुदखेड-आदिलाबाद मार्गावरील किनवट हे जवळचे स्थानक. मुंबईहून नंदिग्राम एक्स्प्रेस नांदेडमार्गे किनवटला येते. तेथून माहूर साधारण पन्नास किलोमीटर, एस.टी. आणि खासगी वाहने मिळतात. विमानाने नांदेडपर्यंत वा नागपूरपर्यंत येता येते. उड्डाणांची वेळापत्रके बदलत असतात, म्हणून ती निघण्यापूर्वी पाहून घ्यावीत. नागपूर-यवतमाळकडून येणाऱ्यांना अंतर अधिक असले तरी रस्ता सोपा आहे. माहूरला एस.टी.चे स्वतःचे आगार आहे, आणि मला तर ही गाडीच सर्वांत भरवशाची वाटते. तिच्या चालकाला या घाटातील प्रत्येक वळण पाठ असते. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून एस.टी.चा प्रवास विनामूल्य झाला आहे आणि महिलांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट आहे. ज्येष्ठांनी आपले ओळखपत्र जवळ ठेवले म्हणजे झाले.

तीन डोंगरांपैकी रेणुकेचा डोंगर गावाला सर्वांत जवळ. वाहन पायथ्यापर्यंत जाते, पुढे दोनशेहून अधिक पायऱ्या आहेत. दोन्ही बाजूंना दुकाने असल्याने टेकायला जागा मिळते आणि बहुतेक ठिकाणी छतही आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी दर वीस-पंचवीस पायऱ्यांनी थांबावे. मागून येणाऱ्या जयघोषाच्या लोंढ्याबरोबर धावू नये. वृद्धांच्या सोयीसाठी उद्वाहक आणि आकाशमार्गिका उभारण्याचे काम शासनाने हाती घेतले आहे. त्याची सद्यःस्थिती, तसेच डोलीची सोय आहे किंवा नाही, हे पायथ्याशी पोहोचण्यापूर्वीच विचारून घ्यावे. वर जाण्याचा निर्णय पायथ्याशी उभे राहून भावनेच्या भरात होऊ नये. मंदिर परिसरात माकडे पुष्कळ आहेत. हातातील पिशवी, चष्मा आणि प्रसादाचा पुडा यांवर त्यांचा डोळा असतो. त्यांना खाऊ घालू नये. ते भूतदयेचे कृत्य वाटते, पण त्याच सवयीने ती पुढे लहान मुलांवर झेप घेतात. माकडाने ओरबाडले वा चावा घेतला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन श्वानदंशाची लस सुरू करावी.

येथील प्रसाद म्हणजे विडा. नागवेलीची पाने, सुपारी, कात, बडीशेप इत्यादी एकत्र कुटून केलेला तांबूल देवीला अर्पण होतो आणि तोच प्रसाद म्हणून वाटला जातो. त्या कुटण्याचा लयबद्ध आवाज आणि सुगंध वर पोहोचण्याआधीच जाणवू लागतो. आपल्यापैकी ज्यांना त्या तिथीस हिरवे पान वर्ज्य असेल, त्यांनी तो हाती घेऊन मस्तकी लावावा आणि सोबतच्या कोणास द्यावा. नाकारण्यापेक्षा ते शोभते.

दत्तशिखराचा रस्ता अधिक चढाचा आणि वळणांचा आहे. वाहन वरपर्यंत जाते, परंतु नवशिक्या चालकाने तेथे आपली मोटार घालू नये. पायथ्याहून मिळणारे वाहन घ्यावे. ज्यांना वळणांनी उलटीचा त्रास होतो, त्यांनी रिकाम्या पोटी वा भरपेटही न जाता हलका आहार घेऊन पुढच्या आसनावर बसावे. तिसरे शिखर अनसूया मातेचे. तेथे सर्वांत कमी गर्दी असते, आणि मला व्यक्तिशः तेच सर्वांत प्रिय आहे. वाऱ्याखेरीज काही ऐकू येत नाही. आधीच्या दोन ठिकाणी पाय थकले असतील तर हे शिखर दुसऱ्या दिवशीच्या सकाळी ठेवावे.

देवीच्या डोंगरासमोरच माहूरचा किल्ला आहे. गोंड, बहमनी, वऱ्हाडची इमादशाही, मोगल अशी अनेक सत्तांतरे त्याने पाहिली. इतिहासात ‘रायबागन’ म्हणून प्रसिद्ध असलेली सावित्रीबाई याच माहूरच्या देशमुख घराण्यातील. फेब्रुवारी १६६१ मध्ये उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी कारतलबखानाच्या फौजेला कोंडले, तेव्हा ती मोगलांच्या बाजूने होती, आणि शरण जाण्याचा शहाणपणाचा सल्ला तिनेच खानाला दिला असे सांगतात. हत्ती दरवाजा आणि तटाचा बराच भाग आजही उभा आहे. मात्र किल्ल्यात पाण्याची वा अल्पोपाहाराची सोय गृहीत धरू नये, एकट्याने जाऊ नये आणि अंधार पडण्यापूर्वी उतरावे. कड्यांवर आग्या मोहोळे असू शकतात. धूर, मोठा आवाज आणि उग्र अत्तर यांनी ती उठतात. गवतात हात घालू नये, काळोख्या कोनाड्यात मुलांना शिरू देऊ नये.

सर्पदंशाविषयी दोन वाक्ये लिहितो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे महाराष्ट्रातील चार प्रमुख विषारी सर्प. दंश झाला तर घट्ट आवळपट्टी बांधणे, जखम चिरणे, चोखणे, मांत्रिकाकडे नेणे यांतील काहीही करू नये. दंश झालेला अवयव काठीला बांधून हलता न ठेवता, माणसाला धीर देत, थेट रुग्णालय गाठावे. माहूरला ग्रामीण रुग्णालय आहे, किनवटजवळ गोकुंद्याला उपजिल्हा रुग्णालय. मोठ्या उपचारांसाठी यवतमाळचे किंवा नांदेडचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. यवतमाळ अंतराने जवळ पडते, हे नांदेडकडून आलेल्यांना वेळेवर सुचत नाही. डासांसाठी दिवसाही पूर्ण बाह्यांचे सुती कपडे घालावेत, कारण डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि हिवतापाचा रात्री. धर्मशाळेत मच्छरदाणी असेलच असे नाही. चार माणसांत दोन हलक्या मच्छरदाण्या बरोबर नेल्या तर त्यांचे ओझे होत नाही. परतल्यावर महिनाभरात थंडी वाजून ताप आला, तर वैद्यांना ‘आम्ही माहूर-किनवटच्या अरण्यभागात जाऊन आलो’ हे आवर्जून सांगावे. एवढ्या एका वाक्याने रक्ततपासणी वेळेवर होते.

अन्नाची अडचण फारशी येत नाही. गावात साधी शाकाहारी जेवणाची घरे आणि भक्तनिवास आहेत. ज्वारीची भाकरी, पिठले, तुरीचे वरण, अंबाडीची भाजी आणि ठेचा. ठेचा मराठवाड्याचा आहे, हे पाहुण्यांनी ध्यानी ठेवावे. कांदा-लसणाशिवाय हवे असल्यास स्वयंपाकाला आरंभ होण्यापूर्वी, म्हणजे सकाळी नऊच्या आतच सांगून ठेवावे. ऐन पंगतीत सांगितले तर त्या गृहिणीचीही पंचाईत होते. सूर्यास्तापूर्वी भोजन करणाऱ्यांनी एक हिशेब लक्षात घ्यावा. माहूर मुंबईच्या बरेच पूर्वेला असल्याने तेथे सूर्य सुमारे वीस मिनिटे आधी मावळतो. डिसेंबरच्या आरंभी साडेपाच ते पावणेसहाच्या दरम्यानच दिवस संपतो, शिवाय डोंगराच्या आडोशाने उजेड त्याही आधी सरतो. दत्तशिखरावरून परतताना मुंबईच्या घड्याळाचा अंदाज धरलेली मंडळी त्या रात्री उपाशी राहतात. उकळलेले पाणी हवे असेल तर विजेची लहान किटली आणि दोन धातूच्या बाटल्या जवळ असाव्यात. सकाळी पाणी उकळून निववून भरले की दिवसभराची चिंता मिटते, आणि प्लास्टिकच्या बाटल्या दरीत फेकण्याचा प्रसंगही येत नाही. त्या दरीत आधीच पुष्कळ आहेत.

पैशांबाबत दहा-वीस-पन्नासच्या नोटा पुरेशा ठेवाव्यात. मोबाइलवरून पैसे देण्याची सोय दुकानांत आहे, पण संपर्क गेला की ती निरुपयोगी ठरते. आणि रस्त्याकडेला रानमेवा विकणाऱ्या बाईपाशी पाचशेची मोड असण्याची अपेक्षा करणे बरे नव्हे.

हा सारा भाग १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता. त्यामुळे येथे मराठीबरोबर तेलुगू, गोंडी, कोलामी आणि बंजारा तांड्यांवरची गोरमाटी अशा भाषा कानी पडतात. अनोळखी शब्द ऐकून हसणारी शहरी मुले मी पाहिली आहेत. त्यांना आधीच सांगून ठेवावे, की गोंड आणि कोलाम हे या डोंगरांचे जुने रहिवासी, आपण पाहुणे. त्यांच्या वस्त्यांत शिरून, न विचारता स्त्रियांची छायाचित्रे काढू नयेत. चैत्रात मोहाची फुले आणि वैशाखात तेंदूची पाने वेचणे हे अनेक कुटुंबांच्या वर्षभराच्या मिळकतीचे मोठे साधन असते. वाळल्या पाचोळ्यात टाकलेली एक जळती काडी त्या मिळकतीसह रान जाळते. मोटारीतून जळते काही बाहेर टाकणे हा येथे निव्वळ असभ्यपणा उरत नाही.

उन्हाळ्यात दुपारचा वेळ कोठे घालवावा, असे विचारणाऱ्यांसाठी गावालगतची पांडवलेणी सांगतो. एकाच खडकात कोरलेला प्रशस्त मंडप, जाडजूड स्तंभ, आणि आत शिरताच जाणवणारा गारवा. ती राष्ट्रकूटकालीन मानली जातात. ज्यांना चढ जमत नाही अशा वडीलधाऱ्यांना येथे आणावे. गडावर न गेल्याची त्यांची हळहळ थोडी कमी होते. राज्य पुरातत्त्व विभागाचे लहानसे संग्रहालयही गावात आहे. परिसरातील मूर्ती आणि जुन्या वस्तू तेथे मांडल्या आहेत. अर्धा-पाऊण तास पुरतो. संग्रहालयांना साप्ताहिक सुट्टी असते, ती आधी विचारून घ्यावी.

वझऱ्याचा शेख फरीद धबधबा आणि इस्लापूरजवळचा सहस्रकुंड हे दोन्ही श्रावण-भाद्रपदात फार गर्दी खेचतात. सहस्रकुंडाला पैनगंगा काळ्या खडकांतून अनेक धारांनी कोसळते. हे दृश्य दुरूनच पाहावे. शेवाळलेला खडक दिसायला कोरडा असला तरी पाय धरत नाही, आणि नदीच्या वरच्या अंगाला इसापूरचे धरण आहे. तेथून पाणी सोडले की डोक्यावर थेंब पडलेला नसतानाही खाली प्रवाह अचानक वाढतो. पाण्याचा रंग गढूळ होऊ लागला, काटक्या-पाला वाहून येऊ लागला, की त्याच क्षणी मुलांना घेऊन काठावर यावे. ध्वनिचित्रणासाठी आणखी एक पाऊल पुढे टाकणाऱ्या तरुणांना गावकरी ओरडून सांगत असतात. त्यांचे ऐकावे, कोणता दगड कसा आहे, हे त्यांना ठाऊक असते.

हातात आणखी अर्धा दिवस असेल तर किनवट तालुक्यातील उनकेश्वरला जाता येते. तेथे गंधकयुक्त गरम पाण्याचे झरे आहेत आणि त्वचाविकार असलेले पुष्कळ लोक स्नानासाठी येतात. हृदयविकार असणाऱ्यांनी, गर्भवती स्त्रियांनी आणि उघड्या जखमा असणाऱ्यांनी त्या पाण्यात उतरू नये, इतरांनीही दहा मिनिटांहून अधिक बसू नये. तेथून दुपारी तीनच्या आत निघाले तर घाटातील अंधार टळतो आणि किनवट स्थानकावर गाडीच्या वेळेपूर्वी निवांत पोहोचता येते.